ओळ दाखवा, काकू

मी शमीम, मूळची पळसदेवची, धरणाच्या पाण्याकडंची. अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान हुतं, अम्मी मी आठवीत असतानाच गेली, मग घरात आमी दोघी बहिणी, थोरली नसीमआपा आन मी. आता मी इंदापुरात. मालकांचं ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान हाय, दोन पोरी हायत. आन काय सांगू तुमाला, चाळिशीला टेकले तरी बारावी राहिली ही गोष्ट डोक्यातनं जाईना, म्हणून बाहेरनं परीक्षा द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आन शनवारी एस्टीनं बारामतीला क्लासला जाऊ लागले.

बारावी का राहिली म्हणाल, तर आपाचं लग्न ठरलं हुतं, ह्याच घरात, ह्यांच्याशीच. बोलणी झाली, कापडं आली, आन एक दिवशी सकाळी आपा निघून गेली सोलापूरला, नर्सिंगला. कुणाबरोबर न्हाय, एकटीच. अब्बांची मान खाली गेली. मग आपाच्या जागी हुबी ऱ्हाशील का, असं त्यांनी मला विचारलं, विचारलं म्हणजे काय, सांगितलंच. मला अठरा पुरी झालेली, परीक्षा महिन्यावर आलेली. पुस्तकं बांधून ठेवली आन हितं आले. मालक वाईट न्हाईत, कधी वावगं बोलले न्हाईत, पण मी त्यांना, पोरींना, शेजारणींना एकच सांगत आले, आपानं मला खड्ड्यात ढकललं आन सोता सुटली. अब्बा वारले तवा ती आली, तवाबी मी तिच्याशी बोलले न्हाय.

तर क्लासच्या मॅडम माझ्या थोरल्या पोरीएवढ्या. इंग्रजीच्या दोन गोष्टी दिल्या, म्हणल्या, दोन्हीतल्या बायांची तुलना करा. एकीतली आईला सोडून परगावी मास्तरीण व्हायला जाती. दुसरीतली, समुद्रावर बोटींना वाट दावणारा दिवा असतो न्हाय का, त्यो बापामागं सांभाळत बसती. मला लई सोपं वाटलं. पयली स्वार्थी, दुसरी त्यागी, लिहून मोकळी झाले. मॅडम वही बघून म्हणल्या, काकू, इंग्रजी छान जमलंय, पण स्वार्थी कुठे लिहिलंय? ओळ दाखवा. मी म्हणलं, ओळ कशाला, ती गेली की. त्या म्हणल्या, गेली हे गोष्टीत आहे, स्वार्थी तुम्ही लिहिलंय. पोरं हसली. माझं तोंड एवढंसं झालं.

एस्टीत बसून धा येळा वाचलं. ती ओळ घावंना, भलतीच घावली. जाताना ती लेक किल्ली खालच्या खिळ्याला अडकवती, म्हाताऱ्या आईचा हात पोचावा म्हणून. आन दुसऱ्या गोष्टीत त्या दिव्यावरल्या लेकीला बोटवाला विचारतो, येतीस का? ती म्हणती, वारा लई हाय. आन वरच्याच ओळीत लिहिलंय, पाणी शांत हुतं. ते वाचलं आन मी पुस्तक मिटून टाकलं.

कारण आपानं मला विचारलं हुतं. त्या सकाळी, पिशवी खांद्याला, म्हणली, शमे, चल, दोघी जाऊ, पुढच्या साली तितं परीक्षा दे. मी म्हणलं, अब्बांचा चहा व्हायचा हाय. चहा कवाच झाला हुता. भ्याले मी. आन हे मी कुणाला सांगितलं न्हाय, सोतालाबी न्हाय.

आठ दिवस चैन न्हाय. तव्यावर भाकरी करपायची, मी तशीच हुबी. शेवटी फोन लावला, म्हणलं, आपा, तू मला चल म्हणली हुतीस. ती म्हणली, व्हय गं, मला वाटलं तू इसरलीस. मी म्हणलं, इसरले न्हवते, लपवलं हुतं.

मालकांना दुकानातच सांगितलं, मला कुणी ढकललं न्हवतं, मीच थांबले. त्यांच्या हातातलं बेअरिंग पुसायचं थांबलं. म्हणले, म्हणजे एवढी वर्सं मी खड्डा हाय असं ऐकून घेत आलो ते उगंच? मग म्हणले, आन आता? आताबी थांबायचंय का?

परीक्षा जवळ आली, वाचाया बसते, उठून दारापतुर जाते, परत येऊन बसते, बूड ठरत न्हाय. अल्ला आपाला सुखी ठेवो. आन ह्यांनाबी ठेवो, नवरी बदलली तवा त्यांना तर कुणी कायबी विचारलंच न्हवतं.