एल्डाचे बटाटे

ॲम्ब्रोज : हलू नका, दाजी! दाराची फट बंद करा आधी.

रूबेन : पोतं कोंबतो.

ॲम्ब्रोज : अहो, ज्यातून काहीतरी पळालं तेच पोतं काय कोंबताय! हा घ्या, माझा स्वेटर घ्या. नक्की उंदीरच होता ना?

रूबेन : या बेटावर उंदीर येऊ नये म्हणून इतकी वर्षं पगार घेतोय मी. मला उंदीर ओळखता येणार नाही? शेपटी दिसली. चुलीमागे गेला. या लेंड्या बघ, आणि हा बटाटा बघ, अर्धा कुरतडलाय.

ॲम्ब्रोज : पण बटाटे सगळे सीलबंद डब्यातले आहेत. धक्क्यावर मीच तपासले होते.

रूबेन : डब्यातले तू तपासलेस. हे आमच्या वाडीतले. निघताना एल्डानं हातात पोतं दिलं. म्हणाली, डब्यातले तुला सोसत नाहीत. मी कोटाखाली धरलं आणि होडीत बसलो. आज पहिल्यांदा तोंड सोडलं त्याचं.

ॲम्ब्रोज : तुम्ही? आमच्या आईनं पाठवलेल्या केकचे चार तुकडे करून तपासणारे तुम्ही?

रूबेन : हो बाबा. मीच तो.

ॲम्ब्रोज : ताई पण ना! एकच असेल हो. रात्रीपर्यंत धरू की.

रूबेन : आणि पोटुशी मादी असली तर? आठवडाभर पोतं कोपऱ्यात पडलंय. भोक पाडून रात्री बाहेर फिरून येत नसेल कशावरून? गॉफ बेटावर काय झालं ते तू माझ्याबरोबर बघितलंस ना?

ॲम्ब्रोज : बघितलंय. नका काढू ते.

रूबेन : एवढासा उंदीर, आणि अल्बाट्रॉसचं पिल्लू कोंबडीपेक्षा मोठं. तरी जिवंतपणी खातात त्याला. ते घरट्यात नुसतं बसून राहतं. जमिनीवरून कुणी येऊन आपल्याला खाईल, हे त्याला ठाऊकच नसतं.

ॲम्ब्रोज : मग असं करू. उद्या होडी आली की तुम्ही निघा. मी सांगतो, पक्ष्यांची मोजणी राहिलीय, मी मागे थांबतो. गुपचूप सापळे लावतो. कुणाला कळायचं नाही.

रूबेन : एकटा? बेटभर सापळ्यांच्या रांगा लावायच्या आणि रोज सगळ्या बघून यायच्या. दोघांनाही झेपेल की नाही देव जाणे. शिवाय होडीवाले झोपडीत चहाला येणार, सामान हलवणार, गवत तुडवणार. उंदराच्या पायांचे ठसे मिटतात, तो बिथरून लांब पळतो. म्हणून तर नियम केला ना, उंदीर दिसला की होडी लागायची नाही. बेटावर असतील त्यांनीच धरायचा. आणि सापळे महिनाभर रिकामे निघेपर्यंत कुणी हलायचं नाही.

ॲम्ब्रोज : कुणी केला हा नियम?

रूबेन : मी. आणि तू टाळ्या वाजवल्यास.

ॲम्ब्रोज : तेव्हा काय माहीत, आपल्याच मानेवर बसेल म्हणून! दाजी, परवा जहाज सुटतंय. ताई केपटाउनला ऑपरेशनला चाललीय. तिच्याबरोबर कोण जाणार?

रूबेन : मलाच काय विचारतोस?

ॲम्ब्रोज : पुढच्या जहाजाला दोन महिने आहेत.

रूबेन : ठाऊक आहे रे! मला जायचंय तिच्याबरोबर. मघापासून मनात येतंय, मरू देत ते पक्षी, मला काय त्याचं. आणि माझीच मला लाज वाटतेय.

ॲम्ब्रोज : आता रेडिओची वेळ होईल. सगळं गाव कान लावून बसलेलं असतं. काहीही करा, पण ताईचं नाव नका घेऊ. आधीच घाबरलेली आहे ती. त्यात धक्क्यावर जाताना लोक टोमणे मारतील.

रूबेन : नाही घेत. पोतं माझंच.

(रेडिओ खरखरतो.)

एल्डा : रूबेन, येतंय का ऐकू? ओव्हर.

रूबेन : येतंय. कशी आहेस? ओव्हर.

एल्डा : बॅग भरून झाली. तुझे चांगले दोन शर्ट घेतलेत. तू कुठेही मळक्या कोटात जातोस, दवाखान्यात तसं नको. होडी सकाळीच निघतेय. आणि काय रे, बटाटे खाल्लेस का? ओव्हर.

ॲम्ब्रोज : दाजी, नुसतं हो म्हणा. अजूनही वेळ गेलेली नाही.

रूबेन : एल्डा, होडी पाठवू नका. इथे उंदीर आलाय. मीच आणलाय, माझ्या पोत्यातून. ओव्हर.

ॲम्ब्रोज : हे काय केलंत, दाजी!

रूबेन : गप्प बस.

एल्डा : कुठल्या पोत्यातून? ओव्हर.

रूबेन : माझ्याच. वाडीतून घाईत भरलं होतं, तपासलं नाही. ओव्हर.

एल्डा : खोटं बोलू नकोस. तुला धड पोतं बांधता येत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. ते मी भरलं. मी दिलं. ऐकताय ना सगळे? मी दिलं. ओव्हर.

रूबेन : कशाला सांगितलंस? ओव्हर.

एल्डा : मग काय, तुझ्या माथी मारून जहाजात बसू? महिनाभर ना? ओव्हर.

रूबेन : कमीत कमी. पुढच्या जहाजापर्यंत थांबता येईल का तुला? डॉक्टरांना विचारून बघ. ओव्हर.

एल्डा : विचारलं होतं मागेच. गाठ थांबणार नाही म्हणाले. तुझे शर्ट काढून ठेवते बॅगेतून. ओव्हर.

रूबेन : एक असू दे. ओव्हर.

एल्डा : बरं. एक ठेवते. ओव्हर.

रूबेन : तिथे एकटीला भीती वाटली तर? ओव्हर.

एल्डा : आत्ताच वाटतेय. आता तू आधी बंद कर रेडिओ. मला रडायचंय, आणि गाव ऐकतंय.