सैल सोडा म्हणे

...आणि वर म्हणतात काय, तर सैल सोडा! आता तुम्हीच सांगा, कमरेवर एक हिरवं फडकं, पाय दोन टोकांना टांगलेले, समोर एक अनोळखी बाई हातमोजे चढवतेय, तिच्या हातात फ्रीजमधून काढल्यासारखं गार लोखंड, आणि मी काय सोडायचं? सैल? अहो, त्या घडीला माझ्या अंगावर सैल अशी एकच वस्तू होती, उजव्या मोज्याचं इलॅस्टिक.

कशाबद्दल बोलतेय म्हणता? बायकांची ती तपासणी हो. गर्भाशयाच्या तोंडाची. दर तीन वर्षांनी करून घ्यायची असते, म्हणजे कॅन्सर कुठे दबा धरून बसायच्या बेतात असेल तर आधीच कळतं. चांगली गोष्ट आहे, मी कुठे नाही म्हणतेय? पण दुखतं. सगळ्यांना नाही दुखत म्हणे. माझ्या नणंदेला विचारा, 'अगं वहिनी, मला तर कळलंसुद्धा नाही, मी विचारलं सुरू कधी करताय, तर ते म्हणाले, झालं!' आता या बाईला दात काढलेला कळत नाही, कान टोचलेला कळत नाही, घरात पाहुणे कंटाळलेले कळत नाहीत, तिचं काय घेऊन बसलात?

आणि तुम्हाला सांगते, 'सैल सोडा' हे मुळात माझं वाक्य आहे. मी गाडी शिकवते. शिकणारा स्टिअरिंगवर, मी शेजारी, आणि माझ्या पायाखाली एक जास्तीचा ब्रेक, तो दाबत दाबत मी दिवसभर हेच बोलत असते. सध्या एक काका येतात, निवृत्त हेडमास्तर. स्टिअरिंग असं आवळतात, जणू वर्गातून पळणाऱ्या पोराची कॉलर आहे. मी म्हणते, 'काका, खांदे सैल सोडा.' काका म्हणतात, 'सोडले.' कुठले सोडलेत? कानाला टेकलेत खांदे! एवढी वर्षं सांगतेय लोकांना, पण सैल सोडा म्हटल्यावर सैल सोडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. तरी सांगत होते. कारण दुसरं काय सांगायचं ते मलाही ठाऊक नव्हतं.

तर मागच्या वेळची गोष्ट. डॉक्टरीणबाई इतक्या घाईत, की मला वाटलं बाहेर त्यांची रिक्षा थांबलीय. 'थोडंसं जाणवेल हं.' थोडंसं! मी टेबलावरून अशी वर सरकले, की डोकं भिंतीला लागलं. 'अहो, खाली या, खाली या, सैल सोडा.' मी खाली येतेय, त्या पुढे येतायत, मी परत वर. 'दोन बाळंतपणं झालीत ना तुमची? मग हे काय!' म्हणजे बघा, एकदा आयुष्यात मोठं दुखून घेतलं की लहानसहान दुखण्यावरचा आपला हक्क संपतो. त्यांच्या पायावर कधीतरी कपाट पडलं असेल, म्हणून मी रोज त्यांच्या अंगठ्यावर उभी राहू का?

आणि वर छताला चित्र. समुद्रकिनारा, दोन नारळाची झाडं, एक रिकामी खुर्ची. आता छताला चित्र कोण लावतं? ज्याला पक्कं ठाऊक असतं, की इथे आडव्या झालेल्या माणसाला कुठेतरी पळून जावंसं वाटणार आहे, तोच लावतो. म्हणजे दुखतं हे यांना माहीत आहे! त्यावर उपाय म्हणून एक खुर्ची दाखवलीय, तीही रिकामी.

बरं, एवढं सोसून निकाल काय? 'नमुना पुरेसा मिळाला नाही. पुन्हा यावे.' अहो, परीक्षेला बसले, घाम गाळला, रडले, आणि पेपरच कोरा!

मग काय, मी गेलेच नाही. आज क्लास आहे, उद्या पाहुणे आहेत, परवा गाडीचं सर्व्हिसिंग आहे. नवरा बिचारा साधा. 'एवढं दुखतं तर नको ना करूस.' प्रेमानं म्हणाला, पण मला त्या 'नको ना'चीच भीती वाटली. माझी धाकटी मावशी असंच 'नको ना' म्हणत राहिली. लाजेपायी कुणाला काही बोलली नाही, आणि बोलली तेव्हा डॉक्टरांकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला वेण्या घालायची ती. आता मी तिच्या वयाची झालेय. त्यामुळे हसतेय मी, पण आतून टरकलेली होते, दोन्हीकडून. केली तर दुखणार, नाही केली तर रात्रभर मावशी आठवणार.

शेवटी गेले. तेच टेबल, तेच नारळ. या वेळी एक नर्सबाई, पोक्त, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. हातमोजे घातले आणि तोंड उघडलं, 'आता जरा सैल...'

'बाई,' मी म्हटलं, 'ते वाक्य सोडून काहीही बोला.'

थांबल्या. मग मी जी सुटले! म्हटलं, मी गाडी शिकवते, माझ्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याकडे, एक माझ्याकडे, कारण ज्याच्या पायाखाली ब्रेक नाही तो माणूस घाबरणारच, आणि इथे जीव माझा, अंग माझं, आणि ब्रेक एकही नाही, मग मी आवळून धरणार नाही तर काय करणार? हे सगळं मी आडवी, पाय वर, अशा थाटात सांगतेय बरं का. बाईंनी हातातलं लोखंड परत ट्रेमध्ये ठेवलं. मला वाटलं गेल्या बाई.

तर म्हणाल्या, 'बरोबर आहे तुमचं. ब्रेक तुमच्याकडे. हात वर केलात की मी जिथं असेन तिथं थांबणार, तुम्ही म्हणेपर्यंत पुढे जाणार नाही. आणि लहान मापाचं घेते.'

लहान मापाचं?

लहान माप असतं? म्हणजे इतकी वर्षं लहान माप कपाटात होतं आणि मला कुणी बोललं नाही? अहो, चपलेच्या दुकानातला पोऱ्यासुद्धा आधी पाय बघतो! मी उठून बसणार होते भांडायला, पण पाय अडकलेले.

हात केला वर. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा तर नुसतं बघायला, की खरंच थांबतात का. थांबल्या. दुसऱ्यांदा दुखलं म्हणून. थांबल्या. तिसऱ्यांदा मी का केला ते मलाही माहीत नाही, तरी थांबल्या, आणि तेव्हा मला रडू आलं. दुखलं का? दुखलं, खोटं कशाला सांगू. पण दुखणं आणि ब्रेक दोन्ही माझंच असलं, की सोसवतं. झालं एकदाचं. आठवड्यानं निकाल आला, सगळं ठीक. नवऱ्यानं पेढे आणू का विचारलं, मी म्हटलं, कसले म्हणून वाटणार आहेस?

आता ऐका. एवढी मोठी गोष्ट शिकून आले, तर ती माझ्यापाशीच ठेवू का? तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी काका आले, बसले, आवळलं स्टिअरिंग, खांदे कानाला. मी जीभ चावली. म्हटलं, 'काका, इतके दिवस मी तुम्हाला उगाच सैल सोडा, सैल सोडा करत होते. चुकलं माझं. आजपासून तुम्हाला भीती वाटली की फक्त हात वर करा, मी गाडी थांबवते.' काकांचा चेहरा असा खुलला! खांदे खाली आले हो, पहिल्यांदा. काकांना मान आहे, हे मी तेव्हा पाहिलं.

निघालो. पहिला गिअर, दुसरा, छान. चौक आला, डावीकडून ट्रक आला, आणि माझ्या हेडमास्तरांनी, भर वळणावर, शाळेत शिकवल्याप्रमाणे, हात वर केले.

दोन्ही.

मी ब्रेक दाबला, ट्रकवाल्यानं आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली, काका हात खाली घ्यायला तयार नाहीत. 'तुम्हीच सांगितलंत ना?' सांगितलं बाबा. नियम चांगलाच आहे, मी काही मागे घेत नाही... फक्त तो आडव्या माणसासाठी आहे. बसलेल्यांना आपलं जुनंच, सैल सोडा.