बागेतलं पुसेगाव

हैदराबादचं कौतुक मला सांगू नका, निजामाच्या काळात मी तिथं गिरणीत होतो. जुम्म्याच्या सुट्टीला आमी पुसेगावची पोरं बागेत एका चिंचेखाली जमायचो. तिथला शिपाई दर खेपेला काठी आपटायचा, "उठो! यां बैठना मना है."

एकदा माझी माय न कळवता रेल्वेनं आली. आमी बागेत बसतो, एवढंच तिला ठाव. फाटकावर त्याच शिपायाला तिनं इचारलं, "बाबा, पुसेगावची पोरं कुठं बसतात?"

त्यानं तिचं गाठोडं उचललं आन सरळ चिंचेखाली आणून ठेवलं. "लो अम्मा, ये रहा तुम्हारा पुसेगाव." अन् लगेच काठी आपटली, "चलो, उठो सब!"

मायनं तिथंच फतकल मारली. "काहून उठायचं? हे पुसेगाव हाय, तूच म्हणलास ना? मंग गावातून गावच्याच पोरायला हाकलतो व्हय रे?"

मायनं गाठोडं सोडून शिपायाच्या हातावर भाकरी आन ठेचा ठेवला.

पुढच्या जुम्म्याला पाहतो तर चिंचेखाली आमच्याआधी तोच बसलेला! म्हणला, "आओ गाववालो, इत्ती देर कायकू?"