सरांचं लग्न ठरलं, टेस्टमध्ये
चूक शंभर टक्के देशपांडे सरांची. सर माझे बॉस. धायरीतल्या आमच्या ऑफिसातून आम्ही एका वधूवर सूचक मंडळाची वेबसाइट सांभाळतो. मी पहिल्यापासून सांगत होतो, "सर, साइट नीट चालते का ते बघायच्या टेस्टसाठी वेगळा डेटाबेस करू, खोटी नावं टाकू. खऱ्याला हात नको."

"खोट्या नावांवर खरं काय कळणार? तू आधी डिग्री पूर्ण कर, मग मला शिकव."

वय झालं की या लोकांचे कान बंद होतात.

आमची टेस्ट खऱ्या यादीतल्या पहिल्या नावावर 'लग्न ठरले' असा शिक्का मारायची आणि शेवटी तो पुसायची. एकदा ती मध्येच बंद पडली, पुसायचं राहिलं. आणि पहिलं नाव कोणाचं? सरांचंच. बायको गेल्यावर त्यांनी साइटवर स्वतःचं नाव टाकलं होतं. विश्रांतवाडीच्या एका बाईंशी बोलणं छान चाललं होतं.

आठवड्याने बाईंचा फोन आला. सरांनी माझ्यासमोरच स्पीकरवर घेतला.

"अभिनंदन! तुमचं लग्न ठरल्याचं साइटवर पाहिलं. मला आधी सांगितलं असतंत तरी चाललं असतं. असो, मीही काल दुसरीकडे होकार कळवला."

मला वाटलं, सर आता सगळं सांगतील. ते म्हणाले, "थँक यू."

फोन ठेवला. मग म्हणाले, "ते खोट्या नावांचं करून टाक."

केलं. सर अजून एकटेच डबा खातात.