भावाचा अर्ज

आई: चहा राहू दे. आधी सांग, धाकट्याच्या सुटकेचा अर्ज आज तुझ्याच कोर्टात आला होता ना?

लेक: आला होता. सकाळी पहिलाच.

आई: मग?

लेक: मी बाजूला झाले. सख्ख्या भावाचा अर्ज न्यायाधीशाला ऐकता येत नाही, आई.

आई: त्याच्या वकीलबाई सांगत होत्या, पण मला खरंच वाटेना. अगं, पोलिसांनी घरातून उचलून नेलाय त्याला. का नेलं ते कुणी सांगत नाही, वकिलाला भेटू देत नाहीत. त्याचा दम्याचा पंप हा बघ, माझ्या पिशवीत. तुरुंगाच्या फाटकावर हातापाया पडले, तरी घेतला नाही मेल्यांनी.

लेक: माहीत आहे मला सगळं.

आई: आणि केलं काय त्याने? नळाला गढूळ पाणी येतं, एवढंच होतं त्या पत्रकात. तेही दुसऱ्याने लिहिलेलं, याने नुसतं छापलं. बाकीचे छापखानेवाले असलं काही गुपचूप छापून मोकळे होतात. आमचा शहाणा खाली स्वतःचं नाव-पत्ता टाकतो. म्हणे, ताई सांगते, कायद्याने टाकावं लागतं.

लेक: लागतंच गं.

आई: हो ना. सरळ त्याच पत्त्यावर आले.

(लेक चहाखालचा गॅस बंद करते.)

आई: आता कोण ऐकणार?

लेक: ज्या न्यायाधीशांकडे दिलाय ते रजेवर आहेत. आले की ऐकतील.

आई: तोवर त्याने श्वास रोखून बसायचं का?

लेक: मी आज त्याला सोडलं असतं, तर सरकार म्हणालं असतं, बहिणीने भावाला सोडवलं. वरच्या कोर्टात माझा हुकूम टिकला नसता, तो पुन्हा आत गेला असता. आणि उद्या दुसरा कुणी आपल्या मेव्हण्यासाठी त्या खुर्चीत बसला, तर त्याला कुठल्या तोंडाने अडवायचं?

आई: बरोबर असेल. तुझं लहानपणापासून सगळं बरोबरच असतं. निदान पंप तरी पोचव. एक फोन कर.

लेक: मी फोन केला की तो हुकूमच होतो, आई. दुपारपासून कितीदा हातात घेतला आणि ठेवला.

आई: रडू नकोस. एक विचारते, सरळ सांग. असाच अर्ज दुसऱ्या कुणाच्या मुलाचा असता तर?

लेक: कारण न सांगता कोंडलंय, वकील भेटू दिला नाही. लगेच समोर आणायला लावला असता. दुपारी सोडला असता.

आई: म्हणजे दुसऱ्या कुणाच्या पोटी आला असता, तर आत्ता घरी जेवत असता.