भाकरी कोण थापतंय?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष डॉ. संगमेश्वर सर, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप देताना जीव जड होतोय त्या आपल्या डॉ. राजकन्या मॅडम, आणि माझ्यासारख्याच सुया टोचून घेतलेल्या बंधू-भगिनींनो,

मी रामलिंग गुरुजी, कंधारचा. जन्मभर वर्गात बोललो, त्यामुळे माईक हाती आला की सुटत नाही. अध्यक्षांनी खुशाल चिठ्ठी पाठवावी.

लातूरकर आजवर शिकवणीसाठी आमची मुलं नेत होते, आता डॉक्टरही न्यायला लागले. नेऊ द्या! पण काय नेताय, हे ऐकवल्याशिवाय कसं सोडायचं?

अंगभर पसरलेल्या कॅन्सरवर दोन औषधं एकत्र दिली तर माणसाला किती सोसतात, याची चाचणी मॅडमनी इथं नांदेडात चालवली. एका गटाला थोडा डोस; त्यांना सोसला की पुढच्या गटाला जास्त. पण सोसला की नाही, हे सांगायचं कुणी? पेशंटनं. आणि आपला पेशंट काय सांगतो? हात जोडून, 'बरं हाय!' डॉक्टरसमोर रडगाणं गाऊ नये, ही आपली रीत. शिवाय धास्ती, की खरं बोललो तर औषध बंद होईल.

हदगावकडच्या धुरपताबाई अशाच. त्यांचे यजमान हणमंतराव समोर बसलेत, त्यांना विचारूनच सांगतोय. मी तेव्हा शेजारच्या बाकावर होतो.

"उलटी?"

"न्हाई."

"हातापायाला मुंग्या?"

"न्हाई. बरं हाय समदं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "धुरपताबाई, घरी भाकरी कोण थापतंय आता?"

"सूनबाई."

"का बरं? तुम्ही का नाही?"

बाईंनी बोटं पदराआड घेतली. मग म्हणाल्या, "हाताला पीठच कळंना झालंय, बाई. तव्याचा चटका बी कळत न्हाई."

मॅडमनी त्यांची बोटं उलटी केली. भाजल्याचे फोड होते!

मग मॅडमनी त्या गटातल्या सगळ्यांना घरची कामं विचारली. कुणाला सदऱ्याची गुंडी लावता येत नव्हती, कुणाच्या हातून पेला निसटत होता. वरून विचारणा आली, आणखी एक पायरी चढून बघायला काय हरकत आहे? मॅडम म्हणाल्या, नाही. डोस वाढला नाही; उलट कमी झाला.

धुरपताबाई मात्र उन्हाळ्यात गेल्या. औषध त्यांच्या आजाराला पुरलं नाही.

आज हॉलच्या दारात हणमंतरावांनी मला विचारलं, "गुरुजी, आमच्या घरचीनं एवढं सोसलं, त्याचा काई उपेग झाला का हो?" दारात उभ्या उभ्या सांगायची ती गोष्ट नव्हती. इथं सांगतो. हणमंतराव, पुढच्या गटात पहिलं नाव माझं होतं. तो वाढीव डोस मला मिळायचा होता; मिळाला तो कमी केलेला. आज माझी गाठ निम्म्यावर आलीय. 'बरा झालो' असं मॅडम अजून म्हणू देत नाहीत, पण या बोटांनी मी रोज सकाळी नातीची वेणी घालतो.

मॅडम, आपले आणि आयोजकांचे आभार. बोलण्यात उणं-अधिक झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. धुरपताबाईंचे आभार मानायला मात्र मला उशीर झाला. तेवढं हणमंतरावांनी माफ करावं.