पहिली तुकडी हॉलमध्ये नव्हती

रसेल : ...मी तेवढंच विचारतोय, हेस्टर. सोमवारी हॉलमध्ये अकरावीची सगळी मुलं होती. तुझी पहिली तुकडी सोडून.

हेस्टर : ती इथे प्रयोगशाळेत होती. प्रयोग चालू होता.

रसेल : कसला?

हेस्टर : लंबकाचा.

रसेल : आणि लंबकाला नेमके सोमवारी सकाळीच झोके घ्यायचे होते.

हेस्टर : चहा घे. निवतोय.

रसेल : घेतो. पण ऐक. शाळेनंतर मुलांनी काय करायचं, ते त्यांना दाखवायचं काम माझ्या गळ्यात आहे. कायदा सरळ आहे. तांत्रिक शिक्षण देणारे, कामावर उमेदवार ठेवून शिकवणारे, यांना शाळेत येऊ द्यायचं. प्रत्येक मुलासमोर बोलू द्यायचं. ‘हुशार सोडून’ असं त्यात कुठे लिहिलेलं नाही.

हेस्टर : आपण कायदा पाळतोच की. हॉल दिला, माइक दिला, खुर्च्या मांडल्या.

रसेल : आणि ज्यांना विद्यापीठात धाडायचंय त्यांना लंबकाला बांधून ठेवलं. दर वर्षी कुणी ना कुणी हेच करतं. गेल्या वर्षी फ्रेंचवाल्यांनी केलं. मी गप्प बसलो.

हेस्टर : मग यंदाही बस.

रसेल : बसलो असतो. पण तुझी एफी टॉयलेटला म्हणून सुटली, ती थेट हॉलच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

हेस्टर : ते मला नंतर कळलं. मी इथे पोरीच्या पोटाची काळजी करत बसले होते.

रसेल : जेवणाच्या सुट्टीत तर हॉलमध्ये बोलायला आलेल्या थ्वेटच्या टेबलापासून हलली नाही. सँडविच हातात तसंच.

हेस्टर : थ्वेट. सोमवारपासून सगळी शाळा थ्वेट, थ्वेट करतेय. उमेदवारांना कार्यशाळेत शिकवतो ना तो? हात पुसायचं फडकं खिशातून लोंबत होतं त्याच्या. शाळेत येताना.

रसेल : तू तर इथे होतीस. फडकं कुठून दिसलं?

हेस्टर : खिडकीतून. तो गाडीतून उतरत होता.

रसेल : अस्सं.

हेस्टर : खिडकी आहे. डोळे आहेत. दिसलं.

रसेल : बरं, दिसलं. आता मुद्द्याचं. त्याने येत्या बुधवारी काही मुलांना कार्यशाळेत दिवसभर बोलावलंय. एफीला नाव घेऊन. पण बुधवारी तिचा तुझ्याकडे सराव परीक्षेचा जोडतास आहे. तू सोडलंस तरच ती जाईल.

हेस्टर : मग नाही जाणार.

रसेल : का?

हेस्टर : पुढच्या वर्षी विद्यापीठाआधीच्या ए-लेव्हलला भौतिकशास्त्र घेणारी मुलं कमी आहेत. एफी तिकडे वळली तर माझा वर्ग उघडणार नाही.

रसेल : कालच्या बैठकीत त्याच वर्गाला खुर्च्या कमी पडणार म्हणून कोण भांडत होतं मग?

हेस्टर : ...तिला डरहॅम विद्यापीठात जायचंय, रसेल. तिथे शिकायची कुवत आहे तिची.

रसेल : कुवत आहेच. जायचंय कुणाला, तिला की तुला?

हेस्टर : तू पूर्वी फुटबॉल शिकवायचास तेच बरं होतं. शिट्टी वाजवायचास आणि गप्प बसायचास.

रसेल : रागावू नकोस. उमेदवारी करत शिकण्यावर तुझा राग नाहीच. तुझा स्वतःचा भाऊ गोदीत शिकून मोठा झालाय. तुझा राग थ्वेटवर आहे.

हेस्टर : मी त्या पोरीला सातवीपासून शिकवतेय. बल मी शिकवलं. घर्षण मी शिकवलं. सुट्टीत एकदाही ती माझ्या टेबलापाशी थांबली नाही. घंटा झाली की दप्तर उचलून पहिली बाहेर. आणि हा कोण कुठला फडकंवाला एका सकाळीत येतो, आणि ती जेवण विसरते.

रसेल : जळतेयस तू.

हेस्टर : हो. झालं समाधान? घे, बिस्किट खा.

रसेल : नाही झालं. ती बाहेर उभी आहे. मीच थांबायला सांगितलंय.

हेस्टर : आगाऊ आहेस.

रसेल : आहे खरा. ये गं एफी, आत ये. मिस चावत नाहीत. निदान चहाच्या वेळी तरी.

(रसेल दार धरून एफीला आत घेतो आणि आपला कप घेऊन निघून जातो.)

एफी : मिस, टॉयलेटचं खोटं बोलले. सॉरी.

हेस्टर : ते राहू दे. बस त्या स्टुलावर. मला एवढंच सांग, थ्वेट असं काय बोलले?

एफी : काहीच नाही, मिस. म्हणजे, फारसं नाही. त्यांनी एक बेअरिंग आणलं होतं. लाइफबोट पाण्यात ढकलणारा ट्रॅक्टर आहे ना किनाऱ्यावर, त्याच्या चाकातलं. एकाच बाजूने झिजलेलं. नवं घातलं तरी पुन्हा तसंच झिजतं म्हणे. त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि विचारलं, असं का होत असेल?

हेस्टर : मी दुसरं काय विचारते? रोज तेच विचारते, असं का होतं.

एफी : हो, मिस. पण तुम्हाला ते माहीत असतं.

हेस्टर : शिक्षिका आहे मी. माहीत असायलाच हवं.

एफी : तसं नाही हो. म्हणजे, तुम्ही घाई करत नाही, थांबता, ते आवडतं आम्हाला. पण उत्तर तुमच्या चेहऱ्यावर दिसतं. मग मी विचार करायचं सोडून तुमच्याकडेच बघत राहते. कुणी उत्तराच्या जवळ आलं की तुमची भुवई हलते.

हेस्टर : भुवई.

एफी : डावी. सगळ्या वर्गाला ठाऊक आहे.

हेस्टर : आणि थ्वेटची?

एफी : त्यांना खरंच माहीत नव्हतं, मिस. मी म्हटलं, वाळू गेली असेल. ते म्हणाले, वाळूने सगळीकडून झिजलं असतं. मग मी म्हटलं, ट्रॅक्टर पाण्याकडे उतरतो ती सिमेंटची उतरण एका अंगाला कललेली आहे. मी कुत्र्याला घेऊन रोज तिथून जाते, पाय वाकडा पडतो. ट्रॅक्टरचंही तसंच होत असेल. त्यांनी नुसतं डोकं खाजवलं. मग म्हणाले, बुधवारी चाक खोलणार आहोत, ये, बघू.

हेस्टर : आणि तुझं चुकलं असेल तर?

एफी : चुकू दे. चाक खोलताना मला तिथे असायचंय.

हेस्टर : डरहॅमचं काय?

एफी : ते तुम्ही म्हणाला होतात, मिस. मी हो म्हणत गेले. आता नाही म्हणते असं नाही. पण मी अजून ठरवलेलंच नाही. आई म्हणाली, मिसना सांगून टाक. मला भीती वाटत होती.

हेस्टर : माझी?

एफी : तुम्हाला वाईट वाटेल याची.

हेस्टर : वाटलंय. ते माझं मी बघेन, तुझं काम नाही ते. बुधवारी जा. तुझा सराव मी गुरुवारी शाळा सुटल्यावर घेईन.

एफी : खरंच, मिस?

हेस्टर : आणि रसेल सरांना सांग, थ्वेटना पुन्हा बोलवा म्हणावं. राहिलेल्या तुकडीसाठी. हॉल नको, इथेच. मी मागच्या बाकावर बसेन.

एफी : तुम्ही? मागच्या बाकावर?

हेस्टर : खिडकीपेक्षा बरं दिसतं तिथून. थांब, जाऊ नकोस. उतरण कुठल्या अंगाला कललीय?

एफी : समुद्राकडे तोंड केलं तर डाव्या.

हेस्टर : बेअरिंग कुठल्या चाकातलं?

एफी : डाव्याच. का, मिस?

हेस्टर : मग मला वाटतं की...

एफी : सांगू नका ना, मिस.

हेस्टर : फक्त अंदाज आहे माझा.

एफी : अंदाजही नको. बुधवारपर्यंत तरी.

हेस्टर : बरं. मग गुरुवारी तू मला सांग.